गेजचा काटा आणि सिलिंडरचे वजन

दिवसभराचा हिशेब मिटवून घरी आलेला व्यापारी दिवाणखान्यातील हिरव्यागार मत्स्यपेटीपुढे घटकाभर बसतो, तेव्हा त्याचा शीण उतरतो. पण एखाद्या संध्याकाळी तीच पेटी निराळी दिसते. मासे वनस्पतींतून फिरण्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागाशी गोळा होऊन तोंडांची उघडमीट करीत असतात. पेटीखालच्या सिलिंडरच्या गेजचा काटा, जो आदल्या रात्रीपर्यंत जागचा हलला नव्हता, तो अर्ध्यावर घसरलेला असतो. आणि सेकंदाला एक याप्रमाणे सुटणारे बुडबुडे आता अखंड धारेने सुटत असतात.

अशा वेळी आधी कारण शोधत बसू नये. सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, एअर पंप सुरू करावा आणि क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने निदान एक तृतीयांश पाणी बदलावे. हे जीव आपण होऊन घरात आलेले नसतात; त्यांचा श्वास आधी, चौकशी मागाहून.

सिलिंडर रिकामा होत आला असता वायू कमी यायला हवा, तो वाढला कसा? सिलिंडरात कार्बन डायऑक्साइडचा बहुतांश भाग द्रवरूपात असतो. द्रवाचा थोडासा अंश शिल्लक असेतोवर दाब ठरतो तो केवळ तापमानावर : 20 अंश सेल्सिअसला सुमारे 57 बार, 30 अंशांना सुमारे 72 बार. म्हणून सिलिंडर भरलेला असो वा काहीसा रिकामा झालेला, काटा तेथेच राहतो. थंडीत तो थोडा उतरला म्हणजे गळती झाली, असेही नव्हे. द्रव संपला की मात्र तो झपाट्याने खाली येतो, आणि साध्या एकटप्पी रेग्युलेटरमध्ये आतला दाब उतरला की बाहेर पडणारा दाब उलट चढतो. नीडल व्हॉल्व्हला कोणी हात लावलेला नसतो, तरी त्यातून अधिक वायू जाऊ लागतो. दोनटप्पी रेग्युलेटर महाग खरा, पण हा धोका तो बहुतांशी टाळतो.

गेजवरून शिल्लक ठरविणे म्हणजे दुकानाच्या पाटीवरून गोदामातील माल मोजणे होय. माल मोजायचा तो काट्यावर. सिलिंडरच्या मानेवर त्याचे रिकामे वजन कोरलेले असते. एकूण वजनातून ते, आणि रेग्युलेटर लावलेला असल्यास त्याचे वजन वजा केले, की उरते ती खरी शिल्लक. दर पंधरवड्याला हा आकडा वहीत तारखेसह लिहावा. द्रव संपण्याच्या आतच सिलिंडर भरून आणावा; शेवटच्या थेंबापर्यंत वापरण्यातली काटकसर येथे कामाची नाही.

हीच वही गळतीही पकडून देते. चार महिने पुरणारा सिलिंडर महिन्याभरात हलका झाला, तर साबणाचे पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावून पाहावे. बहुधा दोषी निघतो तो सिलिंडर आणि रेग्युलेटर यांमधला वायसर. तो चेपलेला किंवा चिरलेला असल्यास नवा घालावा. जेथे वायसरनेच जोड बंद होतो, तेथे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही. जोड कोरडे निघाले तर नळी पाहावी. सिलिकॉनची मऊ नळी हाताला चांगली लागते, पण तिच्या भिंतीतून हा वायू झिरपतो. पॉलियुरेथेनची नळी बरी. गळालेला वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद कपाटात तळाशी साचतो, म्हणून कपाटाला हवा खेळती हवी.

वजन ठीक, तरीही पेटीत बुडबुडे नाहीत, असे झाले तर डिफ्यूझरची चकती शेवाळाने बुजलेली असते. ती पातळ ब्लीचच्या पाण्यात भिजवून, मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन, क्लोरीन घालविणाऱ्या औषधाच्या पाण्यात ठेवावी. चेक व्हॉल्व्ह निकामी झाला असेल तर रात्री पेटीतले पाणी नळीतून मागे उतरते आणि सोलेनॉइड बिघडवते. तो व्हॉल्व्ह स्वस्त आहे; शंका येताच बदलावा.

पाण्यात वायू किती मुरला, हे बुडबुडे मोजून कळत नाही. त्यासाठी ड्रॉप चेकर. त्यात पेटीचे पाणी नव्हे, तर 4 अंश कार्बोनेट काठिण्याचे तयार द्रावण निर्देशकासह घालावे. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे लिटरला सुमारे 30 मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे माशांना धोका. मात्र हा रंग तासा-दोन तासांपूर्वीची स्थिती सांगतो. नीडल व्हॉल्व्ह केसभर फिरवून तेवढा वेळ थांबावे. अधीर होऊन पुन्हा पुन्हा फिरविणाऱ्यांच्याच पेट्यांत मासे दगावतात. दिवे लागण्याच्या तास-दोन तास आधी वायू सुरू व्हावा आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद, कारण अंधारात वनस्पती तो घेत नाहीत. नवा सिलिंडर जोडल्यावर पहिला दिवस मात्र टायमरवर न सोडता घरात कोणीतरी असताना, कमी बुडबुड्यांनीच सुरुवात करावी.