मीटरचा उजेड आणि रात्रीची वाट

नारायणगावचा टोमॅटो भरून रात्री माळशेज घाट उतरणाऱ्या पिकअपच्या चालकाने तेलाच्या दाबाचा व इंजिनाच्या तापमानाचा जादा मीटर बसवून घेतला, तर ती दूरदृष्टीच होय. परंतु त्या मीटरचा दिवा थेट इग्निशनच्या तारेवर जोडून देण्याची जी वहिवाट कित्येक गॅरेजांत पडली आहे, ती तत्काळ बंद होणे अगत्याचे आहे. अंधाराला पुरते सरावण्यास मानवी नेत्रांना सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात, आणि समोर अखंड तळपणारा निळसर एलईडी ती शक्ती हिरावून घेतो. दिव्याची तार मूळ डॅशबोर्डच्या डिमरनंतरच्या तारेलाच, स्वतंत्र फ्यूज घालून, जोडावी, आणि अर्थची तार रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट आवळावी. जुना डिमर केवळ विद्युत्दाब उतरवणारा असेल, तर एलईडी त्याला नीट दाद देत नाही, एकाएकी विझतो. तेथे प्रवाह अतिवेगाने तोडून-जोडून उजेड कमी करणारा निराळा डिमरच हवा. गाडी ताब्यात घेताना मालकांनी काळोखात डिमर फिरवून पाहावा, आणि उजेड उतरत नसेल तर मजुरी चुकती करू नये.