जोडी जुळली की सूर जुळतो

पारोळ्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात, "मुलाने हौसेने दहा वॅटचा छोटा ॲम्प्लिफायर आणला. आता त्याला स्पीकर घ्यायचेत. दुकानदार म्हणतो, मोठा आवाज हवा तर शंभर वॅटचेच घ्या. घ्यावेत का? आमच्या घरात यातलं कुणालाच काही कळत नाही."

ताई, दोन वर्षांपूर्वी माझीही अगदी हीच गत होती. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. शाळेत अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. वॅट नि ओहम हे शब्द विज्ञानाच्या तासाला ऐकले आणि परीक्षेनंतर विसरले! पण एकदा चांगलीच ठेच लागली नि शहाणपण आलं. ती हकीकत आधी सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

माझं माहेर धुळ्याचं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाण्याचं भारी वेड. त्यांच्याकडे व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर होता, उणापुरा पाच वॅटचा. संध्याकाळी तो सुरू केला की आधी व्हॉल्व्ह लाल व्हायचे आणि मग सगळं घर अभंगांनी भरून जायचं. अण्णा गेल्यावर आईला आम्ही जळगावला आमच्याकडे आणलं. धुळ्याचं घर आवरताना ॲम्प्लिफायर आणि तबकड्या तेवढ्या सोबत घेतल्या. स्पीकरची लाकडी पेटी मात्र ट्रंकेएवढी थोरली, कापडही उंदरांनी कुरतडलेलं. "ही अडगळ कुठे ठेवायची आमच्या दोन खोल्यांत?" असं म्हणून मीच ती माळ्यावर टाकून आले.

इथे आल्यावर नवे, नाजूक, शोभिवंत स्पीकर घेतले. वर ठसठशीत लिहिलेलं, ८० वॅट! मला वाटलं, पाच वॅटच्या यंत्राला ऐंशी वॅटचे स्पीकर म्हणजे काय आवाज घुमेल! आईला पाटावर बसवलं, तिच्या आवडीचा अभंग लावला. आवाज कसा? शेजारच्या घरातून आल्यासारखा. बटण पूर्ण फिरवलं, तर शब्द फाटायला लागले. आई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "राहू दे ग. त्यांच्याबरोबर गेलं ते." आणि उठून आत गेली.

त्यानंतर कितीतरी महिने यंत्र बंद. आईचं गुणगुणणंही बंद. मला वाटलं, यंत्रच म्हातारं झालं. भंगारवाल्याला द्यायचं अगदी ठरलं होतं. पण देण्याआधी एकदा दाखवावं, म्हणून धुळ्याला जाताना ते सोबत नेलं, अण्णांच्या ओळखीच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे.

"काय जयं ताई?" म्हणत त्यांनी यंत्र तपासलं आणि हसले. म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही जोडी चुकीची जमवली."

आता त्यांनी जे सांगितलं, ते आपल्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट, स्पीकरवरचा वॅटचा आकडा म्हणजे त्याचा आवाज नव्हे. तो किती वीज सोसू शकतो, तेवढंच त्यावरून कळतं. पन्नास लिटरचा हंडा घरात आणला म्हणून नळाला पाणी जास्त येतं का? तसंच हे. शंभर वॅटचा स्पीकर दहा वॅटच्या यंत्राला जोडला तर बिघडत काही नाही, पण त्यामुळे आवाज वाढतो असंही नाही.

मग पाहायचं काय? डेसिबलचा आकडा. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनक्षमता म्हणून तो दिलेला असतो. स्पीकरला एक वॅट वीज दिली आणि एक मीटरवर आवाज मोजला, तर तो किती डेसिबल भरतो, हे त्यातून कळतं. गाडी घेताना आपण ॲव्हरेज विचारतो ना, तसंच हे स्पीकरचं ॲव्हरेज समजा. दिव्यांच्या बाबतीत तर आपण हे शिकलोच आहोत. पूर्वीच्या ६० वॅटच्या बल्बचा उजेड आता ९ वॅटचा एल.ई.डी. देतो. कमी विजेत जास्त उजेड, तसा कमी विजेत जास्त आवाज.

आणि स्पीकर किती उधळे असतात, ठाऊक आहे? ९२ डेसिबलचा स्पीकर मिळालेल्या विजेचा शंभरातला जेमतेम एक भाग आवाजात बदलतो. बाकी सगळी ऊब होऊन जाते!

डेसिबलचा हिशेब मात्र आपल्या साध्या बेरजेसारखा नाही. तीन डेसिबल वाढले म्हणजे वीज दुप्पट दिल्यासारखं. सहा वाढले तर चौपट, नऊ वाढले तर आठपट आणि दहा वाढले तर दहापट. माझ्या शोभिवंत स्पीकरच्या कागदावर ८४ डेसिबल होते. तेच ९३ चे असते, तर माझ्या पाच वॅटने चाळीस वॅटचं काम केलं असतं! नवा ॲम्प्लिफायर घेण्याची गरजच नाही. उलटीकडून पाहा, पाचाचा दहा वॅटचा ॲम्प्लिफायर घेतला असता, तर फक्त तीन डेसिबल वाढले असते. कानाला तो फरक जाणवतो, पण थोडाच.

ही युक्ती जुनीच आहे. चावीच्या ग्रामोफोनला वीज कुठे होती? सुईची बारीकशी थरथर कर्ण्यातून बाहेर पडायची आणि ओसरीभर ऐकू यायची. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि आपल्याकडे चित्रपट बोलू लागला. त्या काळचे ॲम्प्लिफायर आजच्या मानाने दुबळे, म्हणून चित्रपटगृहात मोठाले कर्णे लावून थोड्या विजेत मोठा आवाज काढत. आजही जीपवर बांधलेला भोंगा थोडक्या वॅटमध्ये अख्ख्या गल्लीला ऐकू जातो तो याच कारणाने. पण भोंग्यात डग्ग्याची घुमक ऐकलीत कधी? नाही ना! तो घोषणेसाठी चांगला, गाण्यासाठी नव्हे.

म्हणजे इथेही काहीतरी द्यावं लागतंच. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एका स्पीकरमध्ये मिळत नाहीत. दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. मी लहान पेटीचा हट्ट धरला आणि आवाज गमावला. अण्णांच्या त्या ट्रंकेएवढ्या पेटीत हलक्या कागदी शंकूचा मोठा स्पीकर होता. असे जुने स्पीकर बहुधा नव्वद डेसिबलच्या वरचे असतात, असं काकांनी सांगितलं. अडगळ म्हणून मी माळ्यावर टाकलेली पेटी हीच त्या यंत्राची खरी जोडीदारीण!

आता खरेदीला जाताना या गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या.

१. डेसिबलचा आकडा आधी विचारा. पाच-दहा वॅटच्या यंत्राला ९० किंवा त्याहून जास्त डेसिबलचे स्पीकर बघा. कागदावर आकडाच नसेल, तर घाई करू नका.

२. तो आकडा 'एक वॅट' चा की '२.८३ व्होल्ट' चा, तेही पाहा. ८ ओहमच्या स्पीकरला दोन्ही सारखेच. पण ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात, म्हणून आकडा तीनने फुगलेला दिसतो. तिथे मनातल्या मनात तीन वजा करा.

३. ओहम जुळवा. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे ४, ८ किंवा १६ लिहिलेलं असतं, त्याप्रमाणेच स्पीकर घ्या. व्हॉल्व्हचं यंत्र असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय ते कधीही सुरू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि त्याचं झाकण घरी उघडायचं नाही, बरं का! आत शेकडो व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही काही काळ राहतात.

४. ॲम्प्लिफायरचे वॅट 'आर.एम.एस.' मध्ये विचारा. 'पी.एम.पी.ओ.' चे हजारांतले आकडे निव्वळ डोळे दिपवण्यासाठी असतात.

५. दुकानात आपलं ओळखीचं गाणं लावायला सांगा. डग्गा घुमतो का, 'स' आणि 'श' स्वच्छ येतात का, ते ऐका. आवाज फाटू लागला की लगेच कमी करा. लहान यंत्र ताणून वाजवलं, तर स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग जळण्याची भीती असते.

आणि आवाज हवा तरी किती? आपण गप्पा मारतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. दहा बाय बाराच्या खोलीत ९० डेसिबलचे स्पीकर असतील, तर रोजच्या ऐकण्याला एक वॅटसुद्धा पुष्कळ होतो. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानावर पडत राहिला तर कानाला धोका असतो, हे मुलांना जरूर सांगा. शिवाय २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजारधर्म म्हणून तरी ती पाळायला हवी, नाही का?

तर ताई, शंभर वॅटच्या आकड्याला भुलू नका. चिरंजीवांना सांगा, "९० च्या वर डेसिबल असलेले ८ ओहमचे शोध, यंत्राला चालतात ना ते पाहा आणि पेटी थोडी मोठी असली तरी चालेल."

आमच्याकडचं काय झालं, ते सांगते. काकांनी स्पीकर तपासला, पेटीवर नवं कापड ताणून दिलं. ती एस.टी.तून आणायची सोय नव्हती, म्हणून आमच्या ह्यांनी ओळखीच्या टेम्पोवाल्याला गाठलं. जागेसाठी माझं शिलाई मशीन खिडकीकडे सरकवावं लागलं. मनात थोडी कुरकुर झालीच, खोटं कशाला सांगू?

पहिल्या संध्याकाळी तोच अभंग लावला. बटण अर्ध्यावरही नेलं नव्हतं. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. ती बाहेर आली नाही, काही बोललीही नाही. पण थोड्या वेळाने आतून तिच्या गुणगुणण्याचा आवाज आला आणि तांदळाचं सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी जुनी पेटी असेल. भंगारात देण्याआधी ती एकदा जाणत्या माणसाला दाखवा, एवढंच सांगणं.