बाबा यागा चालते, मग आसरांनी काय घोडं मारलंय?

मंडळी, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर 'द विचर' आलं आणि आमच्या हापिसात जो तो स्लाव्हिक लोककथांचा जाणकार झाला. लेशी वाटसरूला जंगलात भुलवतो, रुसाल्का पाण्यात ओढते, आणि बाबा यागाची कोंबडीच्या पायांवरची झोपडी म्हणजे मेलेल्यांच्या जगाचं दार (हे व्लादिमिर प्रॉपनं १९४६ मध्येच मांडून ठेवलंय). सगळं कसं एकदम 'डार्क'! यांच्यापुढे चकवा म्हणा, फिस्सकन हसतात.

का हो? लेशीनं भुलवलं तर कपडे उलटे घालायचे, चकवा लागला तर उजाडेपर्यंत आहे तिथे बसायचं. रुसाल्का पाण्यात, आपल्या साती आसरा पण पाण्यातच. मग घोडं अडलंय कुठे? नारायण धारप आयुष्यभर मराठीत हेच अंधारं जग लिहीत राहिले, २००८ मध्ये गेले. आमच्या पिढीतल्या कित्येकांना त्यांचं नाव कळलं ते 'तुंबाड' आल्यावर, २०१८ मध्ये, तेही हिंदीतून. असो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: असल्या लिखाणानं अंधश्रद्धा वाढते. साफ चूक. पाबळचंच घ्या. शिरूर तालुक्यातलं पाण्याची मारामार असलेलं गाव. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. जमिनीत करंट सोडायचा, विरोध मोजायचा आणि पाणी कुठे लागेल याचा अंदाज बांधायचा, हे तिथली पोरं शिकली. आता अशा पोरानं विहिरीतून आसरांच्या राज्यात उतरलेल्या मुलीची कादंबरी वाचली, तर काय तो मीटर फेकून पाणाड्याला बोलावणार आहे?

उलट धोका गोष्ट नसण्यात आहे. बाबा यागा पोरं खाते, पण धीराच्या वासिलिसाला विस्तवही देते. तिला घर आहे, मर्जी आहे, म्हातारपणाची कुरकुर आहे. आपली चेटकीण? नुसती दुष्ट, बास. आणि नंदुरबारकडे बायकांना डाकीण ठरवून छळलं गेलं, ते काय कोणी कादंबऱ्या वाचून नाही केलं! तिच्या बाजूनं, तिच्या घरात शिरून लिहिलेली एक जाडजूड मराठी कादंबरी मला वाचायचीय. खिशातले पैसे देऊन घेईन.

तोवर एक करा. पुढच्या लाँग वीकेंडला गावी गेलात की विहिरीजवळचे ते शेंदूर फासलेले सात दगड कोणाचे, ते आजीला विचारा. आणि ती सांगेल ते टाईप करून ठेवा, राव.