दाब मोजला, पडदा कुणी पाहिला?



मार्चमधल्या काचबिंदू सप्ताहात गावोगावी शिबिरे होतात. डोळ्याचा दाब मोजतात, 'नॉर्मल' असा शेरा मिळतो आणि माणूस निर्धास्त घरी जातो. हा शेरा मधुमेह्याचा घात करू शकतो.

काचबिंदूच्या एका प्रकारात दाब वाढतो तो अगदी शेवटी. मधुमेह जुना झाला की डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात. प्राणवायू न मिळालेला पडदा 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन सोडतो आणि त्याने नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या बहुधा आधी बाहुलीच्या कडेला दिसतात, मग डोळ्यातले पाणी जिथून निचरते त्या कोनात पसरतात. त्यांच्यासोबतचा पापुद्रा आक्रसतो, कोन चिकटतो, दाब झपाट्याने चढतो. डोळा लाल, असह्य ठणका, नजर अंधूक. पडद्याची मुख्य शीर तुंबली तरी पुढे असेच होऊ शकते, बरेचदा तीनेक महिन्यांत; म्हणून त्याला 'शंभर दिवसांचा काचबिंदू' म्हणतात. मानेतली रोहिणी अरुंद होणे हेही एक कारण.

अशा वेळी नुसते दाबाचे थेंब पुरत नाहीत, कारण दुखणे पडद्यात आहे. तिथे लेसरच लागतो. रक्तपुरवठा तुटलेल्या भागावर लेसरचे शेकडो ठिपके दिले की पडद्याची प्राणवायूची मागणी घटते. बळावलेल्या मधुमेही पडदाविकारात लेसरमुळे दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने 1976 सालीच दाखवले. आता व्हीईजीएफला रोखणारे बेव्हॅसिझुमॅबचे इंजेक्शनही आहे. औषध मूळचे आतड्याच्या कर्करोगावरचे. डोळ्यात दिले की नव्या रक्तवाहिन्या काही दिवसांत ओसरतात. पण असर काही आठवडेच टिकतो. ठणका थांबला की रुग्णाला बरे झाल्यासारखे वाटते, लेसर राहून जातो आणि आजार उलटतो. इंजेक्शनच्या दिवशीच लेसरची तारीख देऊन घरच्यांना बजावून सांगायला हवे. पुढची पायरी शस्त्रक्रियेची. पाणी बाहेर काढणारी नळी मदुराईच्या अरोलॅबमुळे आयात नळीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते खरी, पण दाबाने वाळलेली डोळ्याची नस ती परत देत नाही.

'शिबिरात एवढा वेळ कुठे?' असे आयोजक म्हणतात. सगळ्यांचा पडदा पाहा असे माझे म्हणणे नाही. मधुमेह्यांचा तरी पाहा. आयसीएमआरच्या 2023 मधल्या अहवालाप्रमाणे देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी तिची कड तपासावी, मग पडदा. नेत्रतज्ज्ञ नसेल तिथे पडद्याचा फोटो काढून तज्ज्ञाकडे पाठवावा. साखरेच्या डॉक्टरांनीही 'नीट दिसतंय' या उत्तरावर थांबू नये. पडदा बराच बिघडला तरी नजर शाबूत राहू शकते.

पुढच्या शिबिराच्या कार्डावर 'मधुमेह आहे का?' आणि 'पडदा पाहिला का?' असे दोन रकाने छापावेत, आणि दुसरा कोरा असेल तर मधुमेह्याला 'नॉर्मल' लिहून देऊ नये, अशी आयोजकांना आग्रहाची विनंती.

— एक मधुमेही वाचक, सांगली