गुहेतील दिवे

महाराष्ट्रातील माणसाला गुहा म्हटले की अजिंठा, वेरूळ किंवा कार्ले आठवते. वास्तविक ती लेणी आहेत, माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरलेली. शिवथरची घळ निसर्गनिर्मित खरी, पण तीही सह्याद्रीच्या काळ्या कातळातली. चुनखडकाच्या गुहेची गोष्ट निराळी असते. मातीत मुरणारे पावसाचे पाणी तेथील कार्बन डायऑक्साइड वायूमुळे किंचित आम्लधर्मी होते, चुनखडक विरघळवत जाते आणि डोंगराच्या पोटात दालने तयार होतात. पुढे छतातून ठिबकणारा प्रत्येक थेंब चुन्याचा सूक्ष्म कण मागे ठेवतो. छताला लोंबणारे आणि जमिनीतून वर येणारे लवणस्तंभ असे घडतात. शंभर वर्षांत बोटाचे एक पेर वाढ झाली, तरी ती पुष्कळ म्हणायची.

अशा गुहा आंध्र प्रदेशात बोर्रा व बेलम येथे आहेत. मेघालयात तर त्या शेकड्यांनी आहेत. तेथील सोहरा, म्हणजे आपली पुस्तकातली चेरापुंजी. तिच्या परिसरात दोन गुहा आहेत. मॉस्माईच्या गुहेत विजेचे दिवे आहेत. सुमारे दीडशे मीटरांची वाट, कोठे वाकून तर कोठे अंग चोरून, थोड्या वेळात पार होते. मॉम्लूहची गुहा सात किलोमीटरांहून लांब आहे. तिच्यात शिरायचे तर डोक्याला शिरस्त्राण, त्यावर दिवा आणि सोबत वाटाड्या हवा. पाण्यातून चालण्याचीही तयारी हवी. शिलाँगहून सोहऱ्याला येताना मॉकडॉकच्या दरीवर तारेला लटकून जाण्याचा खेळही आहे. एका सहलीत दिवे, अंधार आणि दरी असे तिन्ही मिळते.

दिवे लावलेल्या गुहेला नाके मुरडणारे साहसवीर मला पटत नाहीत. सत्तरीची आजी आणि पाच वर्षांचा नातू यांनाही पृथ्वीचे पोट पाहण्याचा हक्क आहे. मात्र उजेडाची किंमत गुहा मोजते. दिव्याच्या आसपास शेवाळ धरते आणि शुभ्र दगड हिरवट होतो. हाताच्या तेलकटपणाने लवणस्तंभ काळवंडतात. फ्रान्समधील लास्को येथील प्राचीन चित्रांची गुहा 1940 मध्ये सापडली आणि 1948 मध्ये लोकांसाठी उघडली. प्रेक्षकांच्या श्वासाने आणि दिव्यांनी चित्रे बिघडू लागली, तेव्हा 1963 मध्ये ती बंद करावी लागली. पुढे 1983 मध्ये शेजारी तिची प्रतिकृती उभारण्यात आली. लवणस्तंभांच्या दालनाची प्रतिकृती करून त्यात काय पाहणार?

मॉम्लूहच्या बाबतीत तर प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. तेथील एका लवणस्तंभाच्या थरांत सुमारे 4200 वर्षांपूर्वी मान्सून दुर्बळ झाल्याची नोंद सापडली. तिच्या आधारे 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघाने पृथ्वीच्या इतिहासातील सध्याच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिले. जगाच्या कालगणनेला आपल्या देशातल्या एका गुहेने नाव दिले, हे किती जणांना ठाऊक असेल? 'आठवण' म्हणून स्तंभाचे टोक मोडून खिशात घालणारा मनुष्य अशाच एखाद्या वहीचे पान फाडत असतो.

मग गुहांना कुलपे घालावीत काय? तसेही मी म्हणणार नाही. चुनखडकाला दुसरेही गिऱ्हाईक आहे, आणि ते फार मोठे आहे. कुंभकोणम्‌च्या चोळपुरम्‌हून उत्तरेला कोळ्ळिडम् नदी ओलांडून अरियलूरच्या भागात गेले की प्राचीन समुद्रातील जीवांचे अवशेष असलेला चुनखडक खाणींतून निघताना दिसतो. त्याचे सिमेंट होते. सोहऱ्याच्या परिसरातही सिमेंटसाठी चुनखडक खणला गेला आहे. मेघालयातील बहुतेक जमीन गावांच्या, कुळांच्या व व्यक्तींच्या मालकीची आहे. गुहा पाहायला येणाऱ्यांकडून पोट भरत असेल, तर डोंगर शाबूत ठेवण्याला गावाजवळ कारण राहते. म्हणून वाटाड्याची मजुरी देताना घासाघीस करणाऱ्या पर्यटकाची मला चीड येते.

दरीवरच्या तारेला माझी हरकत नाही; तिने दगडाचे काही जात नाही. गुहेच्या आत मात्र तसले खेळ, रंगीत दिवे आणि गाणी नकोत. मॉस्माईत साधे दिवे असावेत आणि माणसे नसतील तेव्हा ते विझलेले असावेत. मॉम्लूहमध्ये एका वेळी थोडीच माणसे सोडावीत आणि तिथला अंधार तसाच राहू द्यावा.