चादरीला किती स्टार?

ऑनलाइन बाजारात चादर हाताला लागत नाही. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानात गिऱ्हाईक घडी मोडायला लावते, सूत दोन बोटांत चाचपते, कापड उजेडाकडे धरून वीण किती दाट आहे ते बघते, हातावर तोलून वजन जोखते आणि मग भावाला येते. मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीच जमत नाही. ही सगळी पारख आधीच्या ग्राहकांच्या अभिप्रायांवर, म्हणजे रिव्ह्यू आणि पाचपैकी किती स्टार यांवर सोपवलेली असते. 'ई-बे' या अमेरिकी संकेतस्थळाने १९९६ साली अनोळखी विक्रेत्याविषयी शेरा लिहिण्याची सोय केली, तेव्हापासून ही पद्धत रुळली. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की पैसे घेऊन माणूस माल पाठवील का? आज त्याच ताऱ्यांकडून मालाचा कस, अस्सलपणा, टिकाऊपणा या साऱ्यांची ग्वाही अपेक्षिली जाते. तेवढे ओझे पेलण्यासाठी ते घडवलेले नव्हते.

सोलापुरी चादर हे याचे नेमके उदाहरण. जाड सुती धाग्यांची, जेकार्डवर नक्षी काढून यंत्रमागावर विणलेली ही चादर शहराच्या पूर्व भागातल्या, मुख्यतः तेलुगूभाषक पद्मशाली समाजाच्या, कारखान्यांनी देशभर पोचवली. भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा, १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला आणि पुढच्या काही वर्षांतच सोलापूरची चादर व टेरी टॉवेल यांची त्याखाली नोंद झाली. या नोंदीचा अर्थ असा, की ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीने माल तयार करणाऱ्या नोंदणीकृत उत्पादकांनाच ते नाव मालावर लावता येते. परराज्यात, विशेषतः पानिपतच्या बाजूला, तयार झालेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातात, ही इथल्या कारखानदारांची तक्रार ऑनलाइन विक्रीच्या आधीपासूनची आहे. पूर्वी अशा मालाला निदान दुकानदाराच्या तोंडून खोटे बोलावे लागे. आता वस्तूच्या शीर्षकात 'सोलापुरी' हा शब्द टंकला की काम भागते.

त्यापुढचे काम रिव्ह्यू करतात, आणि तेही अगदी प्रामाणिक रिव्ह्यू. जबलपूरच्या किंवा लखनौच्या ज्या ग्राहकाने खरी सोलापुरी चादर कधी पांघरलेली नाही, त्याला तीन-चारशे रुपयांत मऊ, रंगीत, हलकी चादर घरपोच मिळते. तो खूश होतो, 'पैसा वसूल' लिहितो, पाच स्टार देतो. त्यात लबाडी कुठेच नाही. पण त्याने मोजले ते किमतीच्या मानाने मिळालेले समाधान. वस्तू नावाप्रमाणे आहे की नाही, हे त्याने तपासलेले नाही आणि तपासण्याचे साधनही त्याच्यापाशी नाही. असे हजार प्रामाणिक रिव्ह्यू जमले की नकली नावाच्या मालाला अस्सल प्रतिष्ठा मिळते. उलट खरी चादर वजनदार, खळीमुळे सुरुवातीला थोडी ताठ आणि वाळायला वेळ घेणारी. ती पहिल्यांदा हातात घेणाऱ्याने 'खरबरीत आहे' म्हणून तीनच स्टार दिले, तर त्यालाही खोटे म्हणता येणार नाही.

यातच वेळेचा घोळ आहे. पार्सल पोचल्यावर दोन-चार दिवसांत 'रेटिंग द्या' म्हणून संदेश येऊ लागतात आणि बहुतेक अभिप्राय त्या आठवड्यातच पडतात. चादरीचा निकाल मात्र पहिल्या धुण्याला लागायला सुरुवात होते: रंग जातो का, कापड आटते का, गोळे येतात का, काठाचे धागे सुटतात का. दोन हिवाळे गेल्यावर ती मऊ झाली की विरली, हे कळते. तोवर लिहिणाऱ्याचा उत्साह संपलेला असतो आणि विक्रेत्याचे पानही कदाचित उडालेले असते. मोबाइलचे कव्हर, चार्जर, स्वयंपाकघरातले डबे यांच्या बाबतीत पहिल्या आठवड्याचा अभिप्राय बराच उपयोगी पडतो. कापड, गाद्या, चपला, मिक्सर यांच्या बाबतीत त्यावरून फार तर पार्सल कसे आले ते समजते. याच कारणाने कुरिअरवाल्याने उशीर केला किंवा खोके भिजवले, की एक स्टार पडतो तो विणणाऱ्याच्या खात्यावर. काही बाजारपेठा अशी तक्रार वेगळी नोंदवायची सोय देतात, पण संतापलेला ग्राहक सोय शोधत बसत नाही.

सरासरीचे गणितही सरळ नाही. दहा जणांपैकी आठांनी पाच आणि दोघांनी एक स्टार दिला तर सरासरी ४.२ येते. आठांनी चार आणि दोघांनी पाच दिले तरी ४.२ च येते. पहिल्या मालात पाचातला एक नग फसवा निघण्याची शंका आहे, दुसरा माल सगळ्यांना बऱ्यापैकी पटलेला आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. नान हू, पॉल पावलू आणि जी झांग या अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की ऑनलाइन अभिप्राय बहुधा दोन टोकांना गोळा होतात: पाचाचा मोठा ढीग, एकाचा लहान ढीग आणि मधे ओस. अतिशय खूश झालेले आणि अतिशय चिडलेले लोकच लिहायला बसतात, हे त्याचे एक कारण. बाकीचे चादर अंगावर ओढून झोपतात.

लहान उत्पादकाला हेच गणित जास्त बोचते. चार जणांनी पाच-पाच स्टार दिलेल्या नव्या विक्रेत्याला पाचव्याने एक दिला, की तो थेट ५ वरून ४.२ वर येतो. चारशे अभिप्रायांवर ४.८ ची सरासरी असलेल्या मोठ्या विक्रेत्याला तोच एक स्टार मिळाला, तर आकडा ४.७९ होतो आणि पानावर पुन्हा ४.८ च दिसतो. काही बाजारपेठा साधी सरासरी काढत नाहीत. अभिप्राय किती ताजा, खरेदी पडताळलेली आहे का, असे निकष लावून त्या आकडा ठरवतात. कोणत्या निकषाला किती वजन, हे मात्र ना ग्राहकाला कळते ना विक्रेत्याला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखानदाराच्या वर्षभराच्या विक्रीवर परिणाम करणारा हिशेब त्याला बघायलाही मिळू नये, हे न्यायाचे नाही.

इथवर सगळे लोक प्रामाणिक धरले. अप्रामाणिकपणाचे प्रकार पुष्कळ आहेत. सगळ्यांत साधा म्हणजे पार्सलमध्ये निघणारे कार्ड: 'पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, शंभर रुपये मिळवा.' दुसऱ्या प्रकारात समाजमाध्यमांवरच्या गटांतून माणसे जमवली जातात. ती स्वतःच्या पैशाने वस्तू मागवतात, कौतुक लिहितात आणि पैसे परत घेतात. इथे खरेदी खरोखरच झालेली असल्यामुळे 'व्हेरिफाइड' हा शिक्काही लागतो. वस्तू त्या खात्यावरून विकत घेतली गेली, एवढेच तो शिक्का सांगतो. लिहिणाऱ्याला कोणी पैसे दिले, याबद्दल तो गप्प असतो. अमेझॉनने २०२२ साली असे दहा हजारांहून अधिक फेसबुक गट चालवणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला, यावरून या धंद्याचा पसारा लक्षात यावा.

तिसरा प्रकार जास्त चतुर. चांगले अभिप्राय मिळालेल्या जुन्या वस्तूच्या पानावर 'नवा रंग' किंवा 'नवा आकार' म्हणून भलतीच वस्तू जोडायची, म्हणजे जुन्याची पुण्याई नव्याला लाभते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या युक्तीबद्दल फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बाउंटिफुल' या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीवर पहिल्यांदा कारवाई केली आणि कंपनीला सहा लाख डॉलर भरावे लागले. चादरीच्या पानावर टॉवेलचे किंवा उशीच्या अभ्र्याचे कौतुक वाचायला मिळाले, तर याच युक्तीची शंका घ्यावी.

खोटी निंदा हा चौथा प्रकार. मेझलिन, डोव्हर आणि शेव्हॅलिए या अभ्यासकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हॉटेलांचे अभिप्राय तपासले, ते दोन संकेतस्थळांवर: एकावर कोणालाही लिहिता येत होते, दुसऱ्यावर फक्त तिथून खोली घेतलेल्याला. शेजारी प्रतिस्पर्धी असलेल्या हॉटेलांविषयीचे वाईट शेरे पहिल्या ठिकाणी जास्त निघाले. आणि स्तुतीची कमाल बघायची तर २०१७ ची लंडनची गोष्ट आहे. ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या बागेतल्या खोपटाला उपाहारगृह म्हणून नोंदवले, मित्रांकडून रिव्ह्यू लिहवून घेतले आणि एकही ताट वाढल्याशिवाय ते ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचवले.

भारतातला कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहिणे निषिद्ध आहे. २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'विषयक, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाच्या मजकुराचा वेश दिलेली जाहिरात फसवणूक ठरवली आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आयएस १९०००' हे मानक खास ऑनलाइन अभिप्रायांसाठीच काढले. विकत घेतलेले किंवा त्या कामासाठी नेमलेल्या माणसांनी लिहिलेले रिव्ह्यू छापू नयेत, लिहिणारा खरा आहे की नाही हे ईमेल, फोन किंवा एसएमएसने पडताळावे, अभिप्रायात संकेतस्थळाने फेरफार करू नये, असे त्यात सांगितले आहे. अडचण एकच: मानक काढले तेव्हा ते पाळणे ऐच्छिक ठेवले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ते सक्तीचे करण्याविषयी २०२४ मध्ये कंपन्यांशी चर्चा केली. पण ते उद्या सक्तीचे झाले तरी त्यातून लिहिणारा कोण, एवढेच तपासले जाईल. चादर सोलापूरची आहे का, हा प्रश्न तसाच शिल्लक राहील.

म्हणून खरेदीदाराने सरासरीचा आकडा सोडून मजकुराकडे जावे, आणि मजकुरातही दोन, तीन, चार स्टारवाल्यांकडे आधी. तिथे 'छान आहे पण' असे लिहिणारी माणसे भेटतात आणि त्या 'पण'नंतर कामाचे बोलणे सुरू होते. 'अप्रतिम गुणवत्ता, उत्कृष्ट उत्पादन' असे गुळगुळीत वाक्य आता यंत्रही क्षणात लिहिते. 'दुसऱ्या धुण्याला लाल रंग पांढऱ्या काठात उतरला' हे सहसा धुणारीच लिहिते. व्याकरण चुकलेले असले तरी चालेल. चादरीचा फोटो असल्यास कोपऱ्यावरची कारखान्याची छाप मोठी करून बघावी. एका दिवसात पडलेले ढीगभर पाच स्टार आणि त्याआधी-नंतर शांतता, हे लक्षण चांगले नाही. विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि माल कुठल्या देशातला हे दाखवणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केले आहे. 'सोलापुरी' चादरीच्या विक्रेत्याचा पत्ता भलत्याच राज्यातला असणे हा पुरावा ठरत नाही, कारण सोलापूरचा माल कुठूनही विकता येतो. पण मग उत्पादकाचे नाव काय, हे विचारावे. जीआयच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांची नावे चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाच्या दप्तरी असतात.

फसलेल्या ग्राहकाला दाद मागायची वाट तुलनेने सोपी झाली आहे. बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा, असा नियम आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा. चादर विणणाऱ्याला मात्र यातले काही उपयोगी नाही, कारण तो या व्यवहारात ग्राहक नसतो. आपल्या नावावर दुसऱ्याने जमवलेल्या पाच स्टारांविरुद्ध त्याला जीआय कायद्याखाली जावे लागते. तो दावा जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या न्यायालयात चालत नाही. खोटे मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा त्या कायद्यात आहे. त्यासाठी आधी ऑनलाइन पानामागचा विक्रेता शोधून काढावा लागतो, त्याच्याकडची चादर मागवून ती आपल्याकडची नव्हे हे सिद्ध करावे लागते, आणि तेवढ्या काळात तो विक्रेता दुसऱ्या नावाने नवे पान उघडून पहिला रिव्ह्यू मिळवून बसलेला असू शकतो.