पामतेल कुणाच्या घामाचं, हे विचारू या

ग्राहक बंधू-भगिनींनो, किराणा व्यापाऱ्यांनो, फरसाण-मिठाईच्या कारखानदारांनो,



घरात शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल वापरलं, तरी पामतेल आपल्या पोटात जातंच. बिस्किटं, खारी, फरसाण, वेफर्स, वनस्पती तूप. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ‘पामोलिन’ असं छापलेलं असतं. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आपला आहे. ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. सुमात्रा, बोर्निओची वर्षावनं तोडून तिथे मैलोन् मैल पामचे मळे उभे राहिले आहेत.

फळांचा घड लांब दांड्याला लावलेल्या कोयत्यानं उतरवतात. एकेक घड वीस किलोचाही भरतो. दिवसाचा कोटा ठरलेला असतो आणि तो एकट्याच्या हातून पुरा होत नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं २०१६ साली इंडोनेशियातल्या मळ्यांविषयी अहवाल काढला. कोटा चुकला की मजुरी कापतात, म्हणून तोडणीवाल्याची बायको-मुलं खाली विखुरलेली फळं वेचायला येतात, हे त्यात नोंदवलं आहे. त्यांना पगार नाही, हजेरीपटावर नाव नाही. त्यांत आठ वर्षांची मुलं होती. ऊसतोड जवळून पाहिलेल्यांना यापुढचं सांगायला नको.

मलेशियाच्या मळ्यांत बहुतेक मजूर परदेशी: इंडोनेशियाचे, बांगलादेशचे, नेपाळचे, आपलेही. दलालाला देण्यासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, पगार थकलेला, आणि सगळ्यात जवळचं गाव कित्येक कोस दूर. अशा माणसाला बांधून ठेवायला साखळी लागत नाही.

हे थांबवता येतं. २०२० मध्ये अमेरिकेनं वेठबिगारीच्या संशयावरून ‘एफजीव्ही’ आणि ‘साइम डार्बी’ या दोन बड्या मलेशियन कंपन्यांचं पामतेल सीमेवर अडवलं. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी मजुरांनी दलालांना भरलेले पैसे परत करायला घेतले. साइम डार्बीवरची बंदी २०२३ मध्ये उठली.

वेठबिगारी आपल्याला परकी नाही. संविधानाच्या कलम २३ नं ती निषिद्ध ठरवली, १९७६ मध्ये वेठबिगार मुक्तीचा कायदा झाला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली सांगितलं. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेनं आदिवासी वेठबिगारांना सोडवण्यासाठी लढा दिला. पण इथे जे गुन्हा आहे, तेच समुद्रापलीकडे करून तयार झालेलं तेल आपल्या बंदरात उतरताना कुणी काही विचारत नाही. अमेरिकेत असा माल रोखणारा कायदा १९३० पासून आहे. युरोपीय संघाचा डिसेंबर २०२७ पासून लागू होईल.

पामतेलावर बहिष्कार टाका, असं मी म्हणणार नाही. एवढं तेल इतर कोणत्याही पिकापासून काढायचं तर कितीतरी जास्त जमीन लागेल, आणि मळ्यातल्या मजुराची असलेली रोजीही जाईल. त्याला मोकळेपणी, पुऱ्या मजुरीवर काम करता आलं पाहिजे.

म्हणून प्रश्न विचारा. प्रत्येक पाकिटावर ग्राहक तक्रारीचा फोन आणि ईमेल छापणं बंधनकारक आहे. त्यावर लिहा: तुमचं पामतेल कोणत्या गिरण्यांतून येतं? मजुरांचे पासपोर्ट त्यांच्याच हातात आहेत का? भरतीचा खर्च कोण करतं? वेचणाऱ्या बायकांना पगार मिळतो का? व्यापाऱ्यांनी हेच आपल्या पुरवठादाराला विचारावं. टँकरच्या टँकर घेणाऱ्याला उत्तर टाळणं कुणालाही जड जातं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, एकत्र खरेदी करणाऱ्या संस्थांनी तर खरेदीची अटच घालावी. आणि आपल्या खासदाराकडे मागणी करा, की वेठबिगारीचा माल रोखणारा आयात कायदा भारतानंही करावा.

पहिलं पत्र या आठवड्यात पाठवा. आलेलं उत्तर सोसायटीच्या फलकावर लावा; उत्तर आलं नाही, तर तेही तिथेच लिहा.